मोडशी, हैजा आणि सलाईनची बाटली

अम्मीच्या पित्ताशयात खडे निघाले आणि ऑपरेशन करायचं ठरलं, तेव्हा तिने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "उलट्या होतील का?" दुखेल का, टाके किती पडतील, खर्च किती येईल, यातलं काही नाही. डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही, कारण अठरा वर्षांपूर्वीची शिरूरची एक रात्र मला आठवत होती.

तेव्हा तिच्या गर्भपिशवीचं ऑपरेशन होतं. खासगी दवाखाना, नाव सांगत नाही. आदल्या रात्री नऊला तिने दोन घास खाल्ले, त्यानंतर पाण्याचा थेंबही नाही. सकाळी नऊची वेळ दिलेली. आधी एक सिझेरियन आलं, मग लाइट गेली, मग भूल देणारे डॉक्टर पुण्याहून यायचे होते ते वाटेत अडकले. तिला आत घेतलं तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. सतरा तास. "हा रोजा कुणाच्या नावाचा म्हणायचा?" अम्मी म्हणाली होती. "रोज्याला सेहरी असते, इफ्तारची वेळ ठरलेली असते. याला तर काहीच नाही."

संध्याकाळी शुद्धीवर आल्यापासून फजरच्या अजानपर्यंत ती उलट्या करत होती. पोटात काही नव्हतंच, नुसतं हिरवं पाणी आणि उमासे. प्रत्येक उमाशाला ताजे टाके ओढले जायचे म्हणून ती पोटाशी उशी घट्ट धरून बसायची. पाणी मागायची. सिस्टर सांगायची, पाणी दिलं तर आणखी उलटी होईल. फुप्पी रात्रभर कापसाचा बोळा भिजवून तिच्या ओठांवरून फिरवत राहिली. टाके भरून आले, घरी आली, पण ती रात्र तिच्या मनातून गेली नाही.

या वेळी ऑपरेशन दौंडला झालं. फुप्पीचं घर तिथे आहे. आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ बाई खोलीत आल्या आणि त्यांनी तीन-चार साधे प्रश्न विचारले. मावशी, याआधी भुलीनंतर उलट्या झाल्या होत्या का? गाडी लागते का? बिडी-सिगारेट? शेवटच्या प्रश्नाला अम्मीने असं पाहिलं की त्यांनी उत्तराची वाटच पाहिली नाही. गाडी मात्र लागते. शिरूरहून चौफुल्याला येताना न्हावरं येण्याआधीच तिला खिडकी लागते. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि सांगितलं की ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी प्यायला हरकत नाही. सकाळी थिएटरमध्ये नेण्याआधीच त्यांनी सलाईन लावायला सांगितलं आणि ते चांगलं भरभर सोडलं. मी विचारलं, अशक्तपणा आहे का? त्या म्हणाल्या, "नाही. ही बाटली उलटी होऊ नये म्हणून. इंजेक्शनही देणार आहे, पण ही आधी."

मी हे पहिल्यांदाच ऐकत होतो. आपल्याकडे सलाईन म्हणजे ताकदीची बाटली. शिरूरच्या बाजाराच्या दिवशी कुठल्याही लहान दवाखान्यात डोकावा. दोन-तीन माणसं बाकड्यावर आडवी असतात आणि वर बाटल्या लटकलेल्या असतात. ऊसतोडीला आलेला माणूस दिवसभराची मजुरी मोजतो आणि म्हणतो, डॉक्टर, बाटली चढवा, कोयता उचलवत नाही. आता त्या बाटलीत काय असतं ते पाहा. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. ग्लुकोजवाल्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते, तिच्यातून एका भाकरीइतकीही ऊर्जा मिळत नाही. डॉ. अनंत फडके यांच्यासारख्या डॉक्टरांनी औषधांच्या अशा अनाठायी वापराबद्दल वर्षानुवर्षं लिहिलं आहे. मी स्वतः कित्येकांना सांगत आलो, अहो, हे मिठाचं पाणी आहे, घरी करून प्या. आणि आता एक शिकलेली डॉक्टर तेच मिठाचं पाणी माझ्या आईला उलटीवर औषध म्हणून देत होती.

अम्मी आत असताना मी बाहेर फोनवर वाचत बसलो. पुढचे काही महिने वाचतच राहिलो. शोधता शोधता जिथे पोहोचलो ते ठिकाण आमच्याच गावात निघालं.

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतात. १८०२ च्या वसईच्या तहानंतर इंग्रजांनी पेशव्यांच्या मुलखात फौज ठेवली, तिची मोठी छावणी घोड नदीच्या काठी होती. छावणीचा कर्नल विल्यम वॉलेस १८०९ मध्ये इथेच वारला, आणि गावकरी त्याला सत्पुरुष मानून त्याच्या थडग्याला मान देत, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव भीमाला लढलेली इंग्रजांची तुकडी आदल्या रात्री याच छावणीतून निघाली होती. त्या लढाईवर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. मी इथे फक्त एका गोष्टीसाठी थांबतो. रात्रभर चालून आलेली ती माणसं दिवसभर अन्नपाण्यावाचून लढली आणि ३ जानेवारीला जखमींना घेऊन शिरूरला परतली. सोबत दोन असिस्टंट सर्जन होते, त्यांतला विंगेट लढाईत मारला गेला. त्या काळी कुणाचा हात किंवा पाय कापायचा तर चार जणांनी धरून ठेवायचं आणि सर्जनने हात चालवायचा. भूल नव्हती, म्हणून भुलीनंतरची उलटीही नव्हती. ती पुढची गोष्ट.

त्याच वर्षी, सहा महिन्यांनी, छावणीत दुसरीच उलटी आली. १८१७ मध्ये बंगालात जेसोरला सुरू झालेली कॉलऱ्याची साथ मध्य भारतातून नागपूर, औरंगाबाद, नगर अशी सरकत जुलै १८१८ मध्ये शिरूर आणि पुण्याला पोहोचली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत होती. ठिकठिकाणच्या सर्जनांनी मुंबईच्या मेडिकल बोर्डाला पत्रं पाठवली आणि बोर्डाने ती १८१९ मध्ये पुस्तक करून छापली. कॉलऱ्यावर डॉक्टरांनी रुग्णांशेजारी बसून लिहिलेल्या सुरुवातीच्या दस्तऐवजांपैकी हा एक. त्यात शिरूरहून गेलेली पत्रं आहेत. तिथे आपल्या गावाचं नाव 'सेरूर' असं येतं, म्हणून पटकन ओळखू येत नाही.

त्या पत्रांत उपचार काय? शीर कापून रक्त काढणं. सोबत कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचं औषध, आणि अफूचा अर्क.

हे वाचताना माझा हात थांबला. कॉलऱ्याच्या रुग्णाच्या शरीरातून उलटी-जुलाबावाटे तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. डोळे खोल जातात, बोटांची कातडी सुरकुतते, नाडी लागत नाही. रक्तातलं पाणी गेल्यामुळे रक्त काळपट आणि दाट होतं. सर्जनांना ते दाट रक्त दिसत होतं. त्यांनी अर्थ लावला की रक्त आत कुठेतरी तुंबलं आहे, ते मोकळं केलं पाहिजे. म्हणजे ज्याच्या शरीरात आधीच पाणी उरलं नव्हतं त्याच्यातून आणखी काढलं जात होतं, आणि वर अनेक ठिकाणी रुग्णाला थंड पाणीही द्यायचं नाही असा दंडक होता.

ती माणसं मूर्ख नव्हती. शिरूरच्या पत्रांत तर रक्त काढल्याने गुण येतो असं मोठ्या खात्रीने लिहिलेलं आहे. मला वाटतं त्यात एक फसवणूक दडलेली होती, जी त्यांना दिसली नाही. ज्याची अवस्था अगदी वाईट, त्याच्या शिरेतून रक्त निघायचंच नाही. ज्याच्या शिरेतून निघायचं तो मुळात कमी आजारी. तो जगायचा आणि श्रेय रक्त काढण्याला जायचं. ज्याचं रक्त निघालं नाही तो मरायचा आणि वहीत नोंद व्हायची की याचं रक्त काढता आलं नाही म्हणून गेला.

आमच्या घरातही असा एक मृत्यू आहे. दादी दौंडला रेल्वेच्या चाळीत वाढली, तिचे अब्बा लोको शेडमध्ये खलाशी होते. दौंड हे जंक्शन. पुणे-सोलापूर लाइन होतीच, १८७८ मध्ये मनमाडची लाइन तिला येऊन मिळाली. रेल्वेने माल आला, माणसं आली आणि साथीही आल्या. चाळीसच्या दशकात दादीच्या धाकट्या बहिणीला हैजा झाला. सात-आठ वर्षांची पोर. दादी सांगायची, ती एकसारखी म्हणत होती, "पानी दे ना गे." घरच्यांनी दिलं नाही. पाणी पोटात टिकत नाही, लगेच उलटून पडतं, मग ते दिलं तर रोग वाढेल असं मोठ्यांना वाटत होतं. ओल्या फडक्याने ओठ पुसत होते. दुपारी सुरू झालं, रात्री संपलं. दादी ऐंशी वर्षांची होईपर्यंत कुणीही पाणी मागितलं की हातातलं काम टाकून उठायची. नातवंड असो, भिकारी असो.

फुप्पीच्या हातातला तो कापसाचा बोळा मला दादीच्या गोष्टीतून आल्यासारखा वाटतो.

आणि तरी आपल्या मुलखाला दुसरी रीत ठाऊक नव्हती असं नाही. कॉलऱ्याला जुन्या मराठीत मोडशी म्हणत. मोडणे या क्रियापदावरून आलेला शब्द, कारण माणूस मोडून पडतो. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा. त्याचं संवादरूप पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. त्यात तो सांगतो की इथले लोक या रोगाला 'मोर्शी' म्हणतात, आमच्या लोकांनी त्याचं 'मोर्देशी' केलं आणि अरब त्याला हैजा म्हणतात. पुढे युरोपीय लोकांनी त्या शब्दाचं फ्रेंच करून टाकलं, 'मोर द शियाँ', म्हणजे कुत्र्याचं मरण! आपल्या मोडशीचा कुठल्या कुठे प्रवास झाला. तर हाच ओर्ता लिहितो की इथले वैद्य अशा रोग्याला मिरे आणि जिरं घातलेली तांदळाची पेज पाजतात. ते रोग्याच्या पायाला डागही द्यायचे, हेही तो लिहितो, म्हणजे फार भारावून जाण्याचं कारण नाही. पण पेज ही पेजच. शिरूरच्या छावणीत शीर कापली जात होती त्याच्या अडीचशे वर्षं आधी.

गेलेलं पाणी परत द्या हा विचार युरोपात शास्त्राच्या भाषेत मांडला तो एका बावीस वर्षांच्या पोराने. विल्यम ब्रूक ओशॉनेसी, आयर्लंडचा. १८३१ च्या अखेरीस कॉलरा इंग्लंडला पोहोचला तेव्हा तो उत्तरेकडे रुग्ण पाहायला गेला आणि त्याने त्यांच्या रक्ताचं रासायनिक पृथक्करण केलं. निष्कर्ष सरळ होता. रक्तातलं पाणी गेलंय, क्षार गेलेत, ते परत घातले पाहिजेत. त्याने 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. ते वाचून स्कॉटलंडमधल्या लीथ बंदराच्या गावी डॉ. थॉमस लाटा यांनी मे १८३२ मध्ये ते करून पाहिलं. पहिली रुग्ण एक म्हातारी होती, नाडी लागत नव्हती, सगळे उपाय संपले होते. लाटाने तिच्या शिरेत नळी घालून मीठ आणि सोडा विरघळवलेलं कोमट पाणी हळूहळू सोडायला सुरुवात केली. अर्ध्या तासात सहा पिंट, म्हणजे साडेतीन लिटरच्या आत-बाहेर. चेहऱ्यावर रंग आला, डोळे उघडले, ती बोलू लागली. दमलेला लाटा तिला दवाखान्याच्या डॉक्टरवर सोपवून गेला. थोड्या वेळाने उलट्या-जुलाब पुन्हा सुरू झाले, पण कुणी पुन्हा पाणी सोडलं नाही. साडेपाच तासांत ती गेली.

एवढं कळलं होतं, तरी जग ते विसरलं. पाणी निर्जंतुक करायचं माहीत नव्हतं, मिठाचं प्रमाण नेमकं नव्हतं, आणि लाटाकडे रुग्ण यायचे ते सगळ्यांनी हात टेकल्यावर. त्यामुळे बरेच दगावले आणि उपायच बदनाम झाला. लाटा १८३३ मध्ये वारला. ओशॉनेसी त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला. भांगेवर संशोधन केलं, मेडिकल कॉलेजात शिकवलं आणि मग हिंदुस्थानात तारयंत्र आणणारा माणूस म्हणून नाव कमावलं. कलकत्ता, आग्रा, मुंबई अशी तार त्याच्या देखरेखीखाली टाकली गेली. कॉलऱ्याच्या देशात येऊन तो कॉलऱ्याच्या उपायाकडे पुन्हा वळला नाही. त्याने वाचवले असते असे किती जीव, हा हिशोब कुणी मांडलेला नाही आणि मांडताही येणार नाही.

मधल्या काळात भूल आली. १८४६ मध्ये अमेरिकेत ईथर, १८४७ मध्ये एडिंबराला क्लोरोफॉर्म, आणि दोन्ही वर्षभराच्या आतच कलकत्त्याला पोहोचले. माणसं धरून ठेवायची गरज संपली. त्याबरोबर शुद्धीवर येतानाची उलटी सुरू झाली. लंडनचे डॉ. जॉन स्नो यांनी भुलीवर आयुष्यभर काम केलं, व्हिक्टोरिया राणीला बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिला. जेवणानंतर लगेच भूल दिली तर उलटीचा धोका वाढतो हे त्यांनी लिहून ठेवलं. हेच ते स्नो, ज्यांनी १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटचा पंप दाखवून कॉलरा पाण्यातून पसरतो असं सांगितलं. एकाच माणसाच्या टेबलावर भूलही होती आणि कॉलराही, पण या दोघांमधला धागा तेव्हा कुणाला दिसणं शक्य नव्हतं.

आपल्याजवळ, हैदराबादला, क्लोरोफॉर्मवर मोठं काम झालं. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, म्हणजे ही आपल्याही मुलखाची गोष्ट आहे. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचा दावा होता की क्लोरोफॉर्मने मृत्यू होतो तो श्वास थांबल्यामुळे, हृदय थांबल्यामुळे नाही. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोगांचा खर्च उचलला. दुसऱ्यासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन यांना बोलावलं. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि लॉरींचा दावा बरोबर ठरवला गेला. पुढे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवलं की क्लोरोफॉर्म हृदयही बंद पाडू शकतो. निजामाचा पैसा वाया गेला असं मात्र मला वाटत नाही. रूपाबाई फर्दुनजी ही पारशी तरुणी त्याच हैदराबादेत शिकली आणि भूल देणाऱ्या जगातल्या पहिल्या स्त्री डॉक्टरांमध्ये तिचं नाव घेतलं जातं. दौंडच्या त्या भूलतज्ज्ञ बाईंची ती पूर्वज म्हणायला हरकत नाही. आयोगापुढचा प्रश्न अर्थात मृत्यूचा होता. ज्याचा जीव वाचला त्याच्या उलटीची चौकशी करायला कुणाला सवड नव्हती.

शिरेतल्या सलाईनचं पुनरुज्जीवन झालं तेही हिंदुस्थानात. १९०८ च्या सुमाराला कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स कॉलऱ्याच्या रुग्णांना जास्त मिठाचं पाणी शिरेतून देऊ लागले आणि साठ टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण निम्म्यावर आलं. मग १९७१. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून नातेवाइकांच्या हातात दिलं आणि सांगितलं, पाजत राहा. उलटी झाली तरी पाजत राहा. तीस टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. ओर्ताने पाहिलेली पेज चारशे वर्षांनी मापं घेऊन परत आली. आज तुकोबांची पालखी यवत, वरवंड करत दौंड तालुक्यातून जाते, तेव्हा आरोग्य खात्याच्या माणसांकडे ओआरएसच्या पुड्या असतात. दादीच्या बहिणीला अशी एक पुडी पुरली असती.

आता अम्मीच्या सतरा तासांकडे येतो. तेही एका भल्या हेतूतून आलेले होते. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन यांनी बाळंतपणात भूल दिलेल्या ६६ स्त्रियांची माहिती छापली. भुलीखाली त्यांच्या पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं होतं. तेव्हापासून भुलीआधी पोट रिकामं हवं हा नियम कडक झाला, आणि त्याचं सोपं रूप रूढ झालं की आदल्या रात्रीपासून तोंडात काहीच घालायचं नाही. अन्नाचं ठीक आहे. साधं पाणी मात्र पोटातून फार लवकर पुढे सरकतं. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्येच सांगितलं की बहुतेक रुग्णांना दोन तास आधीपर्यंत पाणी चालतं. ही गोष्ट आपल्या तालुक्यांपर्यंत यायला जो वेळ लागला त्यात अम्मीची एक रात्र गेली. अजूनही कित्येक ठिकाणी भिंतीवर 'रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही' असा कागद चिकटवलेला मी पाहतो.

उपाशी, तहानलेल्या माणसाला भूल दिली की रक्तदाब आधीच खाली येतो. त्यात शरीरात पाणी कमी असेल तर आतड्यांकडे जाणारं रक्त आणखी घटतं. उपाशी आतडं मग मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला डिवचत राहतं, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. भुलीचे वायू आणि दुखण्यावरची अफूच्या जातीची औषधं त्यात भर घालतात. आधी पाणी भरून काढलं तर हा त्रास कमी होतो का, यावर झालेले ४१ अभ्यास, चार हजारांहून जास्त रुग्णांचे, २०१९ मध्ये कॉक्रेनच्या आढाव्यात एकत्र तपासले गेले. जास्तीचं सलाईन दिलेल्यांमध्ये मळमळ एक तृतीयांशाहून जास्त कमी होती आणि उलटी जवळपास निम्मी. हे रुग्ण बहुतेक एरवी धडधाकट होते, ऑपरेशनही लहान. ज्याचं हृदय किंवा मूत्रपिंड थकलेलं आहे त्याला हेच जास्तीचं पाणी जड जाऊ शकतं, म्हणून ते भूलतज्ज्ञाने ठरवायचं, बाजारच्या दिवशी बाकड्यावर नाही. त्या प्रश्नांचंही मूळ सापडलं. १९९९ मध्ये जर्मनीतले ख्रिश्चन आफेल आणि त्यांच्या सोबत्यांनी चार गोष्टी मोजल्या. रुग्ण स्त्री आहे, धूम्रपान करत नाही, आधी अशी उलटी झाली आहे किंवा गाडी लागते, आणि ऑपरेशननंतर अफूच्या जातीची वेदनाशामकं दिली जाणार आहेत. चारही लागू असतील तर शंभरात साधारण ऐंशी जणांना त्रास होतो. अम्मीला चारही लागू होत्या. बिडी ओढणाऱ्याला उलटी कमी होते हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तुझे दादा हजार ऑपरेशनं करून घेऊ शकले असते."

अठरा वर्षांपूर्वी तिची ही चारही उत्तरं तीच असती, गेल्या वेळची उलटी सोडून. विचारायला कुणी आलं नाही एवढंच.

संध्याकाळी ती शुद्धीवर आली. फुप्पी सवयीने कापूस घेऊन बसली होती. एकदा मळमळली, तोंडात पाणी सुटलं, मी भांडं पुढे केलं. काही आलं नाही. रात्री साडेआठला बाईंनी येऊन दोन घोट पाणी द्यायला सांगितलं. अम्मीने पेला दोन्ही हातांत धरला, बिस्मिल्ला म्हणाली आणि थोडं थोडं प्यायली. मग बराच वेळ छताकडे बघत राहिली, उलटी येते का याची वाट बघत. आली नाही. फुप्पीने कापूस पिशवीत ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी घरी निघालो. चौफुला गेलं, नदी ओलांडली, न्हावरं दिसायला लागलं आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. गाडी बाजूला घेतली. रस्त्याकडेला उसाच्या बांधावर तिला व्यवस्थित उलटी झाली. "थिएटरमध्ये नाही झाली ती इथे ठेवली होती," असं म्हणत तिने चूळ भरली, आणि मग उरलेली बाटली उभ्या उभ्याच पिऊन टाकली.